यकृताच्या दुर्मीळ विकारांतील खाज : औषधांची कसोटी कशी लागते?

मराठीत ‘अंगावर पित्त उठले’ असे म्हटले जाते, तेव्हा त्वचेवर आलेल्या गांधींविषयी बोलले जाते. त्या खाजेमागे मुख्यतः हिस्टामाइन हे द्रव्य असते आणि ॲलर्जीच्या साध्या गोळीने ती बहुधा शमते. यकृतातील पित्ताशी तिचा संबंध नसतो. पित्त आतड्याकडे वाहून न जाता यकृतातच अडले, तर सुटणारी खाज निराळी. वैद्यकात तिला ‘कोलेस्टॅटिक प्रुरायटस’ म्हणतात. त्वचेवर मूळ पुरळ नसते, तरी अंगाला, विशेषतः तळहात-तळपायांना असह्य खाज सुटते. ती रात्री वाढते आणि ॲलर्जीच्या गोळीला सहसा दाद देत नाही.

ही खाज ज्या दुर्मीळ विकारांत तीव्र होते, त्यांपैकी दोन प्रामुख्याने बालवयात आढळतात. ‘पीएफआयसी’ या जनुकीय विकारसमूहाच्या दुसऱ्या प्रकारात एबीसीबी११ जनुकातील दोषामुळे पित्ताम्ले यकृतपेशींबाहेर नेणारी यंत्रणा निकामी होते. अलाजील सिंड्रोममध्ये यकृतातील पित्तनलिकांची संख्या कमी असते. बहुतेक रुग्णांत त्याचे मूळ जेएजी१ जनुकात सापडते. अशी मुले रक्त येईपर्यंत अंग खाजवतात, त्यांची झोप हरपते आणि घरातील इतरांनाही स्वस्थता उरत नाही. यकृत निकामी झालेले नसताना केवळ असह्य खाजेपायी यकृतप्रत्यारोपण करावे लागल्याची उदाहरणे आहेत.

कोलेस्टिरामाइन, क्षयरोगावर वापरले जाणारे रिफाम्पिसिन आणि नाल्ट्रेक्झोन ही जुनी औषधे काहींना उतार देतात, सर्वांना नाही. पित्त शरीराबाहेर वळवण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. तिच्यातून एक दिशा मिळाली. आतड्यात उतरलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परततात. हे परतीचे दार औषधाने अडवले, तर पित्ताम्ले शौचावाटे निघून जातील आणि रक्तातील साठा घटेल, हा विचार ‘आयबॅट’ रोधक औषधांच्या मुळाशी आहे. मात्र खाज नेमकी कोणत्या द्रव्यामुळे सुटते, हे अद्याप निर्विवादपणे ठरलेले नाही. त्यामुळे पित्ताम्ले घटली म्हणजे खाज थांबली, असे गृहीत धरता येत नाही. खाज स्वतंत्रपणेच मोजावी लागते.

खरी अडचण येथेच आहे. खाज मोजणारे यंत्र नाही आणि तान्हे मूल ती सांगू शकत नाही. म्हणून पालक सकाळ-संध्याकाळ नोंदवहीत खाजवण्याच्या तीव्रतेला शून्य ते चार गुण देतात. शिवाय उपचार सुरू आहे या आशेनेही नोंदी सुधारतात. मरालिक्सिबॅटच्या अलाजील सिंड्रोमवरील १३ आठवड्यांच्या एका चाचणीत ३७ रुग्ण होते. तिच्यात खाज घटल्याचे दिसले, तरी आधी ठरवलेला मुख्य निकष पूर्ण झाला नाही.

पुढे ‘आयकॉनिक’ या चाचणीत वेगळी रचना वापरली गेली. ३१ मुलांना प्रथम १८ आठवडे मरालिक्सिबॅट देण्यात आले. नंतरचे चार आठवडे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवड करून काहींचे औषध चालू ठेवले, तर काहींना गुणहीन प्रतिरूप, म्हणजे प्लासिबो दिला. प्लासिबो मिळालेल्या मुलांची खाज व पित्ताम्ले पुन्हा वाढली. औषध चालू असलेल्यांचा उतार टिकला. त्यानंतर सर्वांना पुन्हा औषध मिळाले. रुग्ण मोजके असताना पुरावाही मिळावा आणि कोणत्याही मुलाला दीर्घकाळ औषधाविना ठेवू नये, हे दोन्ही हेतू त्यातून साधले.

ओडेविक्सिबॅटच्या ‘पेडफिक १’ या २४ आठवड्यांच्या चाचणीत पीएफआयसीची ६२ मुले होती. औषध घेणाऱ्या ४२ पैकी १४ मुलांमध्ये रक्तातील पित्ताम्ले ठरलेल्या प्रमाणात घटली. प्लासिबो घेणाऱ्या २० पैकी एकाही मुलात तसे घडले नाही. खाजेच्या नोंदींतही औषधाची बाजू स्पष्टपणे सरस ठरली. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये, जुलैत ओडेविक्सिबॅटला पीएफआयसीमधील आणि सप्टेंबरात मरालिक्सिबॅटला अलाजील सिंड्रोममधील खाजेसाठी मान्यता दिली.

या औषधांनी मूळ जनुकीय दोष दुरुस्त होत नाही आणि प्रत्येक मुलाला गुण येतोच असे नाही. जुलाब व पोटदुखी हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम असून अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांवर व यकृताच्या तपासण्यांवर लक्ष ठेवावे लागते.

पुरळाविना टिकून राहणारी खाज, त्यासोबत कावीळ, गडद लघवी किंवा पांढुरका शौच दिसल्यास केवळ त्वचेवर मलम लावून थांबू नये; यकृताची तपासणी करून घ्यावी. नवजात बालकाची कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर रक्तातील ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ची तपासणी आवश्यक ठरते.