आजोबांचा घडीचा चाकू किती जुना आहे? फोनच्या मदतीने वय आणि मुठीचं मटेरियल असं ओळखा

समजा तुम्ही डाळजला सुट्टीत घरी आला आहात. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि जुन्या सातबाऱ्याच्या कागदांखाली एक घडीचा चाकू सापडला. पातं काळवंडलेलं, मूठ पिवळट पांढरी. कोणीतरी लगेच म्हणतं, "हस्तिदंती आहे, ऑनलाइन टाक, हजारो रुपये येतील."

थांबा. मूठ खरंच हस्तिदंती असेल तर तो चाकू विकायला काढणं तुम्हाला कायद्याच्या कचाट्यात अडकवू शकतं. आणि नुसतं हाड असेल तर घाबरायचं काही कारण नाही. म्हणून आधी ओळखायला शिकूया.

हे चाकू आपल्या घरात आले कुठून?

घडीच्या चाकूचे साधारण तीन प्रकार आपल्याकडे सापडतात.

- लेखणीचा चाकू: छोटं पातं, हलकी मूठ. बोरू तासायला कारकून आणि शाळकरी मुलं वापरायची.
- कलमाचा चाकू: बारामती-इंदापूर पट्ट्यात द्राक्ष, डाळिंब, पेरू यांच्या बागा आहेत, त्यामुळे हा बऱ्याच घरांत असतो. एका बाजूला पातं आणि दुसऱ्या टोकाला साल उचलायची चपटी पट्टी. डोळा भरताना ती लागते.
- खटक्याचा चाकू: लांब पात्याचा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरवरून याला 'रामपुरी' म्हणतात.

यातले बरेच इथेच बनले. पण इंग्रजांच्या काळात शेफिल्ड (इंग्लंड) आणि झोलिंगेन (जर्मनी) या दोन गावांचा मालही भरपूर यायचा. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण म्हणजे एक चांदणी आणि एक माल्टीज क्रॉस.

स्टेप १: फोटो नीट काढा

१. पातं उघडताना धार बोटांकडे नको. गंज असेल तर सांध्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका आणि तासभर थांबा. जोर लावून नखाची खाच तोडू नका.
२. फ्लॅश बंद करा. दुसऱ्या फोनचा टॉर्च एका बाजूने, अगदी तिरका धरा. पुसट शिक्क्याची अक्षरं सावलीमुळे वर येतात.
३. कॅमेरा पात्याला चिकटवू नका. थोडं लांबून २एक्स झूम करा किंवा मॅक्रो मोड वापरा.
४. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येतो.
५. पाच फोटो पुरेत: पूर्ण चाकू, पात्याच्या बुडाचा शिक्का, मुठीची बाजू, मुठीचं टोक आणि पाठीवरची स्प्रिंग.

गुगल लेन्स वापरा, पण ते फक्त 'सारखं दिसणारं' शोधतं. झिजलेली अक्षरं ते हमखास चुकीची वाचतं. अक्षरं स्वतः वाचून टाइप केलीत तर निकाल जास्त चांगले येतात.

स्टेप २: शिक्क्यावरून वय काढा

इथे एकच नियम लक्षात ठेवा: प्रत्येक खूण सांगते की चाकू 'याच्या आधीचा नाही'. म्हणजे चाकूवरची सगळ्यात नवीन खूण वय ठरवते.

- मुकुट आणि 'व्ही आर': राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१.
- मुकुट आणि 'ई आर': सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०.
- मुकुट आणि 'जी आर': बहुतेक वेळा पाचवा किंवा सहावा जॉर्ज, म्हणजे १९१० ते १९५२ मधला काळ.
- देशाचं नाव: ब्रिटनने १८८७ मध्ये, भारतात इंग्रज सरकारने १८८९ मध्ये आणि अमेरिकेने १८९० मध्ये मालाच्या खुणांबद्दल कायदे केले. त्यानंतर 'इंग्लंड', 'जर्मनी' असे शिक्के वाढले.
- 'वेस्ट जर्मनी': १९४९ ते १९९०. ही खूण खूप उपयोगी आहे.
- 'स्टेनलेस': शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने हे पोलाद १९१३ मध्ये बनवलं. त्याआधीचं पातं स्टेनलेस असूच शकत नाही.
- 'व्हिक्टोरिनॉक्स': स्विस कंपनी जुनी आहे, पण हे नाव १९२१ पासूनचं.
- फुलीच्या खाचेचा स्क्रू: १९३० च्या दशकानंतरचा.

डबी किंवा वेष्टन सापडलं तर फेकू नका! किंमत आण्यांत असेल तर ते साधारण १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. 'नवे पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

आता एक कोडं. पात्यावर 'व्ही आर' आहे आणि शेजारी 'स्टेनलेस'ही आहे. मग काय? चाकू व्हिक्टोरियाच्या काळातला नाही. कंपनीने जुनी खूण पुढे चालू ठेवली, किंवा कोणीतरी नक्कल केली.

स्टेप ३: मूठ कशाची आहे?

- हाड: झूम करा. बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हाड ओळखायची ही सगळ्यात पक्की खूण.
- हस्तिदंत: ठिपके नसतात. लांबीच्या बाजूने बारीक, थोड्या वळणाच्या रेघा असतात. मुठीच्या कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. म्हणूनच टोकाचा फोटो महत्त्वाचा.
- सेल्युलॉइड: हस्तिदंताची नक्कल, साधारण १८७० नंतरची. रेघा अगदी सरळ आणि सारख्या अंतरावर. कापडाने जोरात चोळून वास घ्या, कापरासारखा वास येतो.
- सांबरशिंग: बाहेरून खडबडीत, तपकिरी खाचा, टोकाला आत सच्छिद्र भाग. हाडावर खाचा पाडून याची नक्कल करतात. खाचा सारख्या साच्यातल्या वाटल्या तर नक्कल समजा.
- म्हशीचं शिंग: काळं, गुळगुळीत. कडेला टॉर्च धरला तर तपकिरी उजेड आरपार दिसतो. जुनं झालं की पापुद्रे सुटतात, किडे भोकं पाडतात.
- शिंपला: हाताला थंड लागतो, तिरका केला की रंग बदलतात.
- बेकेलाइट: काळं किंवा तपकिरी कडक प्लास्टिक, १९०७ नंतरचं.
- लाकूड: शिसम वगैरे. शिरा आणि बारीक छिद्रं साध्या डोळ्यांनी दिसतात.

मुठीच्या टोकाच्या धातूला लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड. नाही तर पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. पात्याला मात्र ही टेस्ट लावू नका, कारण चाकूचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

या चुका करू नका

- तापलेली सुई टोचणे: व्हिडिओंमध्ये ही टेस्ट दाखवतात. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. अजिबात करू नका.
- लिंबू, चिंच, पॉलिश पेपर: पातं चमकेल, पण शिक्का कायमचा जाईल. मऊ कापड आणि तेलाचा हात पुरे.
- सगळे चाकू एका डबीत ठेवणे: जुनं सेल्युलॉइड कुजताना वायू सोडतं आणि शेजारच्या पात्यांनाही गंज चढतो. ते वेगळं, हवेशीर ठेवा.

विकता येतो का?

हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर विकायचा विचार सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. हस्तिदंताच्या व्यापाराचे दरवाजे १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी बंद केले. 'आजोबांचा आहे' म्हणून विक्रीला सूट मिळत नाही. शंका असेल तर जाहिरात टाकण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

लांबीही मोजा. घरकाम, शेती अशा कामांसाठी न बनवलेलं आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. छोटा चाकूसुद्धा खिशात घेऊन विमानतळावर जाऊ नका.

शेवटचं काम: रेकॉर्डर चालू करा

शिक्का सांगेल चाकू कधी बनला. तो घरात कसा आला हे शिक्का सांगत नाही. उजनीचं पाणी चढलं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, काठच्या घरांचं सामान हललं. त्या गडबडीत पेटीत काय ठेवलं आणि काय टाकलं, हे आजीला आठवत असेल. चाकू तिच्या हातात द्या, फोनचा व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि एवढंच विचारा: "हा कोणाचा गं?" ती फाइल चाकूच्या फोटोंसोबत एकाच फोल्डरमध्ये सेव्ह करा. फोटो पुन्हा काढता येतील, आजीचं उत्तर नाही.