जुन्या स्पोर्ट्स कारचा क्लच : दोष ओळखावा कसा?

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना पहूर मागे पडले आणि फर्दापूर ओलांडले, की अजिंठ्याचा घाट सुरू होतो. सपाटीवर निमूट चालणारा झिजलेला क्लच अशाच चढावर दगा देतो. गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ किंवा अलिबागची ‘चिंकारा रोडस्टर’ यांसारखी जुनी मॅन्युअल गाडी बाळगणाऱ्यांनी प्रवासापूर्वीच क्लचची परीक्षा घेणे इष्ट ठरते. निदान चुकले, तर केबलच्या किरकोळ दोषासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवला जातो.

क्लच प्लेट ही इंजिनाचे फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. पेडल दाबताच रिलीज बेअरिंग हा दाब काढून घेते व इंजिन गिअरबॉक्सपासून सुटे होते. दाब पुरेसा न पडणे आणि तो पूर्ण न सुटणे, असे दोषांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

क्लच घसरणे : मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढले, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. करपट वास हीही त्याचीच खूण. मात्र प्लेट बदलण्याआधी पेडलची मोकळी चाल तपासावी. केबल अतिताणलेली असल्यास चांगली प्लेटही घसरते. इंजिनाच्या मागील सीलमधून तेल झिरपत असेल, तर नवी प्लेटही लवकर निकामी होते.

क्लच न सुटणे : इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, सुरू असताना मात्र अडतात, हे याचे लक्षण. इंजिन सुरू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, काही सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. तरीही खरखर झाली, तर क्लच सुटत नाही असे समजावे. खरखर एकाच पुढच्या गिअरला होत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझरचा असतो. पेडल दोन-तीन वेळा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली आहे किंवा गळती आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत गंजामुळे प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेलीही असू शकते.

आवाज व थरथर : पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारा व दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असू शकतो. गाडी सुटताना थरथरली, तर प्लेटवरील तेल, विषम झालेले फ्लायव्हील किंवा सैल इंजिन माउंटिंग ही कारणे पाहावीत.

गिअरबॉक्स एकदा उतरवल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकत्रच बदलणे शहाणपणाचे. दुसऱ्या वेळची मजुरी वाचते. दुर्मीळ गाडीचा सुटा भाग घेताना जुनी प्लेट सोबत नेऊन व्यास व मधले दाते जुळवून घ्यावेत. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यामुळे आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. घाटात मात्र क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये. चढावर थांबताना हँडब्रेकचाच आधार घ्यावा.