प्रतीची अवस्था आणि वाचनाचा पुरावा

मराठी ग्रंथव्यवहारात पुस्तकाच्या जन्माची नोंद विपुल आहे. त्याच्या पुढील आयुष्याची जवळजवळ नाही. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यान्वये निघणाऱ्या त्रैमासिक याद्यांत ग्रंथनाम, लेखक, मुद्रक, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या व किंमत असा तपशील असे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडाची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध करून या नोंदीला शास्त्रीय रूप दिले. परंतु दोन्ही ठिकाणी नोंद होते ती आवृत्तीची, प्रतीची नव्हे. एका आवृत्तीच्या साऱ्या प्रती सारख्याच, हे त्यामागील गृहीतक आहे. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ते टिकत नाही. तेथे प्रत्येक प्रत वेगळी असते आणि तिची अवस्था सांगावीच लागते. ती कशी व कोणासाठी सांगावी, हा प्रश्न वरवर व्यापारी दिसला तरी मुळात वाङ्मयेतिहासाच्या पुराव्याचा आहे.

हस्तलिखितांच्या बाबतीत आपली परंपरा याहून दक्ष होती. नकलकार पोथीच्या अखेरीस तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून तिचे रक्षण करण्याची विनंती करीत. म्हणजे हानीच्या कारणांचे एक वर्गीकरण त्यांच्यापाशी होतेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वर्णनात्मक सूचींत प्रत्येक हस्तलिखिताचा कागद, पत्रसंख्या, ओळी, अक्षराचे वळण, कसरीने खाल्लेले भाग, पूर्णता-अपूर्णता यांची स्वतंत्र नोंद आढळते. मुद्रणाबरोबर ही दृष्टी लोपली. संहिता स्थिर झाली, असे मानले गेले आणि प्रतीचे व्यक्तित्व अभ्यासाच्या कक्षेबाहेर गेले.

मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून एकसारख्या निघालेल्या प्रती एकमेकींपासून कोठे वेगळ्या होऊ लागतात, हे पाहण्यास सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी जंक्शन सोयीचे आहे. मुंबई-मद्रास रुंदमापी लोहमार्गावरील या स्थानकातून १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी बार्शीकडे धावू लागली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. रुळांचे माप बदलत असल्याने कुर्डुवाडीस प्रत्येक गठ्ठा एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे चालू होते. त्यानंतर हे मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाले. मालाचे वेष्टन सदोष असल्यास तसा शेरा पावतीवर मारण्याची रेल्वेची रीत आहे. या शेऱ्यात प्रतीच्या अवस्थेचे वर्णन असते, पण त्याचा हेतू एकच : नुकसानीची जबाबदारी कोणाची? वर्णनामागील हा हेतू ध्यानात घेतला, की पुढील प्रश्न सुलभ होतो.

पुस्तकविक्रेत्यांनी केलेल्या वर्णनामागेही असाच हेतू असतो. न पाहता दुरून पुस्तक मागवणाऱ्या ग्राहकाला दिलेले ते आश्वासन होय. अमेरिकेतील ‘ए. बी. बुकमन्स वीकली’ने १९४९ मध्ये नव्यासारखे, उत्कृष्ट, अतिशय चांगले, चांगले, बरे, वाईट अशी श्रेणी सुचवली. या श्रेणीत ‘चांगले’ हा शब्द प्रत्यक्षात वापरून झिजलेल्या पुस्तकास लागतो, ही विसंगती सर्वज्ञात आहे. अधिक महत्त्वाची मर्यादा निराळी आहे. श्रेणीचे वरचे टोक न वाचलेल्या पुस्तकाचे आहे. वाचन म्हणजे मूल्यऱ्हास, असे तिचे अनुक्त तत्त्व. आमच्याकडील रद्दीवाल्याचा काटा याच तत्त्वाचे अखेरचे रूप होय; तेथे श्रेणीही उरत नाही, केवळ वजन उरते.

हे तत्त्व मराठी पुस्तकांना सरसकट लावले तर काय घडते? श्रीधरांचे उदाहरण घेऊ. कुर्डुवाडी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नाझरे हे त्यांचे गाव. १७१८ मध्ये बारामतीस पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘शिवलीलामृता’च्या अकराव्या अध्यायाचे नित्यपठण घरोघरी होत आले आहे. पोथीच्या आकारात छापलेली त्याची एखादी प्रत रद्दीच्या ढिगात आली, असे समजू. पाने सुटी आहेत, अकराव्या अध्यायाच्या कडा काळवंडल्या आहेत, त्यांवर हळदीकुंकवाचे व तेलाचे डाग आहेत आणि उरलेले अध्याय तुलनेने स्वच्छ आहेत. बाजाराच्या भाषेत ही प्रत ‘वाईट’. पण सुटी पाने हा पोथीचा दोष नव्हे, तिची घडणच तशी आहे. आणि डागांची वाटणी सांगते, की या घरात ग्रंथ नव्हे, एक अध्याय वाचला गेला. अभिग्रहणाच्या इतिहासाला याहून थेट साक्ष क्वचितच मिळेल.

अर्थात प्रत्येक डाग वाचनाची खूण नसते. गळके छप्पर, ओलसर माळा आणि कसर यांचेही लेखन पानांवर उमटते. शिवाय लाकडाच्या लगद्यापासून केलेला आम्लयुक्त कागद कोणी हात न लावताही तपकिरी होतो व मोडतो. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद त्याच्यापेक्षा अधिक टिकतो. म्हणून काळाने, साठवणीने आणि हाताळणीने झालेले बदल वेगळे ओळखणे, ही अवस्थावर्णनाची पहिली अट ठरते. दुसरी अट स्थाननिर्देशाची : ‘डाग आहेत’ एवढे पुरेसे नाही, ते कोणत्या पानांवर व पानाच्या कोणत्या भागी आहेत, हे सांगितले पाहिजे. तिसरी, मालकीच्या खुणांची. वाचनालयाचा शिक्का, ‘बाद’ असा शेरा, परतीच्या तारखांची चिठ्ठी, बक्षीसपत्र यांमुळे व्यापारी किंमत उतरते. पण प्रत कोणत्या वर्गातून कोणत्या वर्गाकडे गेली, हे कळण्याचे तेच साधन आहे. एका विशेषणात ही तिन्ही अंगे मावत नाहीत. आपल्याला श्रेणीची नव्हे, सूचिकाराच्या वाक्यांची गरज आहे.

आज हा प्रश्न निकडीचा झाला आहे. संगणकीय प्रतिमा तयार झाली, की मूळ प्रत अनावश्यक मानण्याची प्रवृत्ती वाढते आहे. आणि प्रतिमा घेतानाही बहुधा सर्वांत स्वच्छ प्रत निवडली जाते, म्हणजे जी सर्वांत कमी वाचली गेली ती. संहिता त्यामुळे सुरक्षित राहील. परंतु मराठी समाजाने काय वाचले, किती वाचले आणि कोठे थांबला याचा पुरावा ज्या प्रतींवर आहे, त्या काट्यावर चढतील. रद्दीवाल्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या व्यवहाराला वजन पुरते. ज्यांना ते पुरत नाही, त्या अभ्यासकांनी काट्याच्या अगोदर तेथे पोहोचून वर्णन लिहून घेतले पाहिजे.