आपले कोणते?

सोलापूरच्या पार्क मैदानावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पाचवीत होतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, सायकलच्या नळीवर बसवून नेलं होतं. त्यासाठी त्यांनी मिलमधली पाळी बदलून घेतली होती. ही गोष्ट ते भाच्याच्या लग्नालाही करत नसत, असं काकू पुढे आयुष्यभर ऐकवत राहिली. मैदानात तेरा माणसं पांढऱ्या कपड्यांत, शिवाय दोन पंच. सगळे सारखेच दिसत होते. मी विचारलं, "अण्णा, आपले कोणते?"

"बॅट घेऊन उभारलेत की बे ते. संध्याकाळपर्यंत हरतील बघ."

रणजी करंडकात आपला, म्हणजे सोलापूरकरांचा, संघ 'महाराष्ट्र'. बाहेरच्या माणसाला यातली गोम पटकन कळत नाही. आपल्या राज्याचे रणजीत तीन संघ आहेत. मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि उरलेला पुणे, सोलापूर, कोल्हापूर, नाशिक, औरंगाबाद हा सगळा पसारा मिळून 'महाराष्ट्र'. १९३४-३५ साली रणजी सुरू झाली तेव्हापासून हा संघ खेळतो आहे. म्हणजे राज्य स्थापन व्हायच्या पंचवीस वर्षं आधीपासून महाराष्ट्र नावाचे अकरा गडी मैदानात उतरत होते. मुंबईकडे आजघडीला ४२ विजेतेपदं आहेत. विदर्भ उशिरा जागा झाला आणि २०१७-१८ पासून तीन घेऊन बसला. आपल्याकडे दोन, १९३९-४० आणि १९४०-४१. दोन्ही प्रो. दि. ब. देवधरांच्या कप्तानीत. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस, वयाच्या ४८व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढतो. त्यानंतर आजतागायत काही नाही. अण्णांनी ती दोन विजेतेपदं पाहिलेली नव्हती, पण सांगताना स्वतः वाढायला उभं राहिल्यासारखं सांगत.

न जिंकणाऱ्या संघाचा माणूस जन्मभर कसा होतो, हे मला माझ्यापुरतं नक्की ठाऊक आहे. मला काम लावलं गेलं.

अण्णांकडे एक वही असायची. मिलमधून रद्दीत काढलेलं जाड पुठ्ठ्याचं खातं. त्याच्या अर्ध्या पानांवर सुताच्या नोंदी, आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर अण्णांनी पट्टीनं आखलेले रकाने. पेन्सिल सुतानंच वहीला बांधलेली, कारण आमच्या घरात पेन्सिली टिकत नसत. डावीकडे फलंदाज, खाली गोलंदाज. त्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन झाल्यावर अण्णांनी हात धोतराला पुसले आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, तू गोलंदाजी लिही. धाव निघाली नाही तर ठिपका. सहा ठिपके झाले, तीन वर तीन खाली, तर ते असे जोडायचे. त्यांनी माझा हात धरून ते ठिपके जोडले आणि इंग्रजी 'एम' तयार झाला. निर्धाव षटक. त्यात गडी बाद झाला तर रेघ उलटी, 'डब्ल्यू'.

त्या दुपारी मी मैदानाकडे किती पाहिलं कोण जाणे. वहीकडेच पाहत होतो. एक चेंडू चुकला तर अख्खं षटक चुकतं, आणि षटक चुकलं तर संध्याकाळी बेरीज जुळत नाही. अण्णा बेरीज जुळल्याशिवाय उठत नसत. टाळ्या वाजवायला आलेले लोक उन्हं कलली की निघून जात. वही ज्याच्याकडे आहे त्याला दुसऱ्या दिवशी यावंच लागे, कारण डाव अर्धा राहिलेला. मी दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून गेलो आणि मग जातच राहिलो.

त्या काळातलं पार्क आजच्यासारखं नव्हतं. चार पुतळ्यांजवळचं ते मोकळं मैदान, कडेनं झाडं. पुढे त्याला इंदिरा गांधी स्टेडियम नाव मिळालं, स्मार्ट सिटीत नव्यानं बांधकाम झालं. पण रिक्षावाल्याला 'इंदिरा गांधी स्टेडियम' सांगून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की थोड्या वेळात सायकली येऊ लागत. चहानंतरचा खेळ हा कामगारांचा खेळ. १८७७ साली जुनी मिल सुरू झाल्यापासून हे शहर भोंग्यावर उठत, जेवत आणि झोपत आलं होतं, मग क्रिकेट तरी त्याला अपवाद कसं असणार? कापसाचे तंतू डोक्याला चिकटलेले, अंगाला तेलाचा वास, आणि येता येताच पहिला प्रश्न, "किती बे?" मी वही बघून सांगे. पन्नाशीतले लोक पाचवीतल्या पोराला धावसंख्या विचारत आणि मान डोलावत. एवढा मान मला पुढे नोकरीतही कधी मिळाला नाही.

मागे तेलुगू, डावीकडे कन्नड, पुढे मराठी आणि दख्खनी, असा तो घोळका असे. शिव्या मात्र मराठीतच.

अण्णांनी मला वहीबरोबर गाऱ्हाणीही दिली. पहिलं गाऱ्हाणं भाऊसाहेब निंबाळकरांचं. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२चा जागतिक विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कप्तानांनी, ते राजकोटचे ठाकूरसाहेब, सांगितलं की डाव सोडा, नाहीतर आम्ही चाललो. आणि गेले. निंबाळकर कसोटी एकही खेळले नाहीत. अण्णा हे सांगताना दर वेळी इथं थांबत. मग हळूच म्हणत, "दहा रन. दोन ओव्हर लागल्या नसत्या."

दुसरं १९७०-७१च्या अंतिम सामन्याचं. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सगळे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले. सुधीर नाईकांच्या हाताखाली मुंबईचा उरलासुरला संघ, आणि आपल्याकडे चंदू बोर्डे. तरी ४८ धावांनी हरलो. हा आकडा आमच्या घरात शिवी म्हणून वापरला जायचा. कुणी हातातलं काम घालवलं की काकू म्हणे, अठ्ठेचाळीस केलंस बघ.

तिसरं गाऱ्हाणं सोलापूरचं स्वतःचं, आणि मला तेच सर्वांत मोठं वाटतं. पॉली उम्रीगर सोलापूरचे. २८ मार्च १९२६ला इथं जन्मले, इथंच वाढले, वडिलांचा कापडाचा व्यवसाय. पुढे कुटुंब मुंबईला गेलं. ५९ कसोटी, १२ शतकं, कसोटीत द्विशतक काढणारा पहिला भारतीय, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. आणि रणजी खेळले कुणाकडून? मुंबईकडून! वर्षानुवर्षं आपल्याच गोलंदाजांना मारत राहिले. अण्णांच्या वहीत उम्रीगरांचं नाव प्रतिस्पर्ध्यांच्या रकान्यात असे आणि त्यापुढे बारीक अक्षरात 'सो.' असं लिहिलेलं असे. हे सामने पार्कवरचे नव्हेत, वर्तमानपत्रातले धावफलक अण्णा रात्री वहीत उतरवून घेत. 'सो.' म्हणजे काय, हे मी बरीच वर्षं विचारलं नाही. मला वाटायचं ते क्रिकेटचं काहीतरी असेल.

गाव आपलं आणि सदरा दुसऱ्याचा, ही सोलापूरची जुनी खोड दिसते. चादर आणि टॉवेल आपण विणायचे, अंग पुसायचं मुलखानं. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे. २०२२च्या एप्रिलमध्ये तिनं टी-२० सामन्यात नाबाद १६२ ठोकल्या, त्या प्रकारात दीडशे ओलांडणारी पहिली भारतीय, आणि अंगावर सदरा नागालँडचा. अर्शिन कुलकर्णी आपल्या शहरातला. २०२३च्या जूनमध्ये गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तिथं त्यानं ५४ चेंडूंत ११७ काढल्या, १३ षटकार. त्याच स्पर्धेत 'सोलापूर रॉयल्स' नावाचा संघ होता. अर्शिन मात्र नाशिकच्या संघातून खेळला.

त्या सोलापूर रॉयल्सबद्दल माझी प्रामाणिक अडचण सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा गावाच्या नावाचा संघ टीव्हीवर दिसत होता, ऊर भरून यायला हवा होता. मी बसलो, पाहिलं, दोन सामन्यांनंतर वही काढावीशी वाटली नाही. सामने पुण्याजवळ, खेळाडू बोलीतून घेतलेले, आणि थोड्याच काळात स्पर्धेच्या यादीतून सोलापूर हे नावही गेलं. कुणी रडलं नाही. कुणाच्या काकांनी सायकलवरून नेलेलं नव्हतं, रडणार कसं?

अण्णांची मिल बंद पडली तेव्हा मी नोकरीला लागलेलो होतो. देणी बुडाली ती बुडालीच. त्यांच्या बरोबरीचे काही भिवंडीला गेले, काही वॉचमन झाले. अण्णा घरात बसून आकाशवाणी ऐकत. मराठी समालोचन म्हटलं की त्यांच्या लेखी बाळ ज. पंडित एकच, स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला माणूस. 'आपल्यातला आहे, म्हणून त्याला कळतं,' एवढंच त्यांचं परीक्षण. १९९२-९३ला लुधियान्यात पंजाबकडून अंतिम सामना हरलो, तो त्यांनी वर्तमानपत्रावरून वहीत उतरवून घेतला. वहीतला तो शेवटचा पूर्ण सामना. अक्षर थरथरलेलं आहे, पण बेरीज जुळते.

मग २०१४. जानेवारीत उपांत्यपूर्व फेरीत वानखेडेवर मुंबईला मुंबईत हरवलं. केदार जाधव आणि विजय झोल शेवटपर्यंत टिकले. केदारचं मूळ गाव माढा तालुक्यातली जाधववाडी, त्या मोसमात त्याच्या १२२३ धावा. अण्णा हयात नव्हते. मी त्यांच्या फोटोला हार घातला, बायकोला वाटलं श्राद्ध विसरलो होतो की काय.

अंतिम सामना मात्र आमच्या घरात शिरला. महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक, मैदान हैदराबादचं. सोलापूरशिवाय हा सामना खऱ्या अर्थानं कुणाला कळणार? माझी सासुरवाडी विजापूरची. १९५६पर्यंत विजापूरही मुंबई राज्यातच होतं, मग भाषावार रचना झाली आणि ते म्हैसूरकडे गेलं. क्रिकेटसकट. मेहुणा मुद्दाम सुट्टी काढून आला, माझ्याच सोफ्यावर बसून कर्नाटकाला टाळ्या देऊ लागला. के. एल. राहुल १३१, गणेश सतीश ११७, समोर ५१५चा डोंगर. बायको दोघांना चहा देत होती आणि कन्नडमध्ये भावाशी काहीतरी बोलून हसत होती. शेजारचे तेलुगू पद्मशाली आजोबा दारात आले, स्कोअर विचारला आणि म्हणाले, "तुमचं तुमच्यात चालू द्या. मैदान आमचं हाय."

सात गड्यांनी हरलो. मेहुणा जाताना म्हणाला, "दाजी, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्याला काय सांगणार. त्याच्या संघानं त्या वर्षी चषक घेतला, पुढच्याही वर्षी घेतला. त्याच्याकडे वही नाही.

तीन मोसमांनी, २०१६-१७ला, क्रिकेट मंडळानं सगळे रणजी सामने तटस्थ मैदानांवर खेळवले. म्हणजे कुणाचाच संघ कुणाच्याच गावात नाही. त्याच मोसमात, मुंबईच्या वानखेडेवर, दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची ५९४ धावांची अभंग भागीदारी. जगात प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये याहून मोठी भागी एकच. खुर्च्या जवळपास रिकाम्या. सामना अनिर्णित. आणि दुसऱ्या बाजूनं ऋषभ पंत नावाच्या पोरानं ३०८ काढल्या, त्यामुळे लोकांच्या लक्षात तोच राहिला. अण्णा असते तर म्हणाले असते, बघ, आपलं असंच.

जानेवारी २०२४ला कित्येक वर्षांनी पार्कवर पुन्हा रणजी आली. महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर, केदार कप्तान. नातीला घेऊन गेलो, सायकलवरून नव्हे, स्कूटीवरून, आणि चालवत तिची आई होती. पुठ्ठ्याचं खातं आता हाताळवत नाही, म्हणून नवी फुलस्केप वही घेतली, रकाने मात्र पट्टीनंच आखले. गॅलरीत माझ्या वयाचे दहा-बारा जण, बाकी सगळी कॉलेजची पोरं, केदारला हाका मारत मोबाइल धरून उभी. भोंगा कुठेच नाही. चारच्या सुमाराला मी उगाचच फाटकाकडे बघत होतो.

नात म्हणाली, "आजोबा, यातले आपले कोणते?"

मी सवयीनं तोंड उघडलं आणि अडलो. आपण जिंकत होतो. अशा वेळी काय म्हणायचं हे अण्णांनी मला शिकवलेलंच नव्हतं. "ते बॉलिंग करतायत ते," एवढंच म्हणालो आणि वही तिच्या मांडीवर ठेवली. ठिपका कसा द्यायचा ते दाखवलं. सहा झाले तेव्हा तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच रेघ ओढली. सुरुवात वरच्या ठिपक्यापासून केली, त्यामुळे 'एम'चा 'डब्ल्यू' झाला. गडी कुणी बाद झालेला नव्हता.

मी खोडरबर बाहेर काढला आणि परत खिशात ठेवला.