बेळगावातील लहान कॉलेजचे वर्ष : विद्यार्थी उपक्रमांची ओळख

आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांच्या घरातले कोणी ना कोणी बेळगावातल्या एखाद्या कॉलेजात शिकलेले आहे किंवा आज शिकत आहे. "आज कॉलेजात कार्यक्रम आहे, उशीर होईल" असे सांगून मुले घराबाहेर पडतात. तो कार्यक्रम कसला, तो कोण ठरवते आणि त्याचा पुढे काय उपयोग, हे पालकांना ठाऊक असतेच असे नाही. ही माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख. लहान कॉलेज म्हणजे एक इमारत, एक मैदान, एक सभागृह आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे एकमेकांना नावाने ओळखतात असे कॉलेज. अशाच एका कॉलेजातून आम्ही १९८० च्या सुमारास बी.कॉम. झालो आणि पुढे सारी नोकरी बँकेत केली.

पार्श्वभूमी

बेळगावात १९३३ साली लिंगराज कॉलेज आणि १९४५ साली टिळकवाडीत राणी पार्वतीदेवी कॉलेज सुरू झाले. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होते आणि इथली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पुढे ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली. आमच्या पदवीवर धारवाडचाच शिक्का आहे. २०१० मध्ये बेळगावातच राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले आणि हॉल तिकिटातल्या चुकीसाठी धारवाडला खेटे घालण्याचा त्रास संपला.

पु. ल. देशपांडे काही काळ राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवत होते आणि कवयित्री इंदिरा संत यांचे वास्तव्य याच गावात होते, हे आपल्याला माहीत आहेच. १९४६ चे मराठी साहित्य संमेलनही इथेच भरले होते. त्यामुळे इथल्या कॉलेजांतून मराठीचे कार्यक्रम होणे ही पूर्वी सांगण्यासारखी गोष्ट वाटत नसे.

रोजचा दिवस

इथल्या कॉलेजचा दिवस घड्याळापेक्षा बसच्या वेळेवर चालतो. निम्मीअधिक मुले खानापूर तालुक्यातून, बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून आणि सीमेपलीकडच्या चंदगड भागातून येतात. काहींकडे कर्नाटकच्या बसचा पास, तर काहींकडे महाराष्ट्राच्या एस.टी.चा. शेवटची बस साडेसहाला असेल तर नाटकाची तालीम सहाला संपलीच पाहिजे. वक्तृत्व स्पर्धेत खेड्यातल्या मुलाचा क्रमांक शेवटी लागला आणि तो न बोलताच बस गाठायला निघून गेला, असे आमच्या वेळी घडले आहे, आजही घडते. कार्यक्रम आखणाऱ्याने बसचे वेळापत्रक आधी पाहावे आणि लांबच्या मुलांना आधी बोलू द्यावे, ही साधी गोष्ट आजही सांगावी लागते.

दुसरी महत्त्वाची जागा सूचना फलकाची. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या सूचना आम्ही एकाच फलकावर वाचत असू. आता सूचना व्हॉट्सअॅपवर येतात आणि त्या बहुधा इंग्रजीत असतात. कँटीनमध्ये मात्र अजूनही कोकणी, उर्दू, कन्नड, मराठी या सगळ्या भाषा एका टेबलावर ऐकू येतात.

वर्षाचे चक्र

जून-जुलैत प्रवेश होतात, तेव्हा बेळगावचा पाऊस ऐन भरात असतो. या काळात नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत आणि वेगवेगळ्या मंडळांची नावनोंदणी होते. १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, मग स्वातंत्र्य दिन, ५ सप्टेंबरला शिक्षक दिन आणि २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस. शिक्षक दिनाला तिसऱ्या वर्षाची मुले एक दिवस खालचे वर्ग घेतात. पुढे शिक्षक झालेल्या अनेकांनी पहिला तास असाच घेतलेला असतो.

१५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला वाचनाचे कार्यक्रम, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, १२ जानेवारीला स्वामी विवेकानंदांच्या जयंतीचा युवा दिन आणि २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन असतो. क्रीडा स्पर्धा आणि स्नेहसंमेलन साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होतात.

आमच्या वेळी परीक्षा वर्षातून एकदा असे, त्यामुळे दिवाळीनंतरचे दोन महिने मोकळे मिळत. आता सेमिस्टर पद्धतीत परीक्षा दोनदा येते. तालमीला पंधरा दिवसही मिळणे कठीण झाले आहे. कार्यक्रमांची संख्या वाढली, पण प्रत्येकाला मिळणारा वेळ घटला.

सेवा योजना आणि एन.सी.सी.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एका खेड्यात सात दिवसांचे शिबिर करायचे, अशी तिची रचना आहे. शिबिरात सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम असतो. शहरातल्या मुलाला भाकरी थापणाऱ्या हातांची आणि पाण्याच्या खेपांची ओळख तिथे होते.

एन.सी.सी. १९४८ पासून आहे. कॉलेजातील छात्राला दुसऱ्या वर्षानंतर 'बी' आणि तिसऱ्या वर्षानंतर 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते, मात्र परेडला हजेरी पुरेशी लागते. सैन्यात व पोलिसांत जाऊ इच्छिणाऱ्यांना या प्रमाणपत्रांचा उपयोग होतो. म्हणून ज्यांच्या मनात असेल त्यांनी पहिल्याच वर्षी नाव नोंदवावे, दुसऱ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही.

वाङ्मय मंडळ आणि भित्तिपत्रक

मराठी विभागाचे प्राध्यापक, एक विद्यार्थी चिटणीस आणि पाच-सहा हौशी मुले एवढ्यावर वाङ्मय मंडळ चालते. उद्घाटनाला एखादा लेखक बोलावणे, काव्यवाचन, निबंध व वक्तृत्व स्पर्धा आणि भित्तिपत्रक ही त्याची नेहमीची कामे. भित्तिपत्रक म्हणजे हाताने लिहून पुठ्ठ्यावर चिकटवलेले आणि काचेच्या कपाटात लावलेले पत्रक. त्याला खर्च जवळजवळ नाही, हवा तो फक्त चांगल्या अक्षराचा एक विद्यार्थी.

वाणिज्य शाखेच्या मुलांना याचे महत्त्व अधिक आहे, असे आम्ही अनुभवाने सांगतो. आमची पुस्तके इंग्रजीत, उत्तरपत्रिका इंग्रजीत आणि पुढे बँकेतला सारा पत्रव्यवहारही इंग्रजीत. आठवड्यातले मराठीचे तास आणि वाङ्मय मंडळ सोडले, तर मराठीत चार वाक्ये विचार करून लिहिण्याचा प्रसंगच येत नसे. शाखेत कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याला व्याज म्हणजे काय ते त्याला कळेल अशा मराठीत सांगता आले, ते वक्तृत्व स्पर्धेत पाय लटपटत उभे राहिल्यामुळे.

स्नेहसंमेलन

स्नेहसंमेलनाला सगळे गॅदरिंगच म्हणतात. पारितोषिक वितरण, नाच-गाणी, एकांकिका आणि पाहुण्यांचे भाषण असा त्याचा क्रम असतो. पूर्वी शेलापागोटे हा त्यातला सर्वांत गाजणारा भाग असे. एका पेटीत मुले निनावी चिठ्ठ्या टाकत आणि व्यासपीठावरून नाव घेऊन त्या वाचल्या जात. चांगली चिठ्ठी चिमटा काढी, पण ओरखडा उमटू देत नसे. पुढे तिच्यात मुलींची टवाळी आणि जातीवरून टोमणे येऊ लागले. बऱ्याच ठिकाणी हा प्रकार बंद झाला, काही ठिकाणी प्राध्यापक चिठ्ठ्या आधी पाहून घेतात. बंद केल्याबद्दल आम्हांला हळहळ वाटत नाही, कारण त्या चिठ्ठीनंतर आठवडाभर कॉलेजला न आलेली एक मुलगी आम्हांला आठवते. हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

गॅदरिंगच्या हिशेबाबद्दलही सांगितले पाहिजे. तिसऱ्या वर्षी खजिन्याचे काम आम्हा चौघांकडे होते. मंडपवाल्याला दिलेल्या १६ रुपयांची पावती सापडेना. आमच्यावर देखरेख करणारे सर म्हणाले, "खर्च झाला असेल, पण कागद नाही तर तो तुमच्या खिशातला." आम्ही चार-चार रुपये काढून भरले. पुढे बँकेत व्हाउचर तपासताना हे वाक्य किती वेळा आठवले, त्याची गणती नाही.

वार्षिक अंक

वर्षाच्या शेवटी कॉलेजचा अंक निघतो. त्यात अहवाल, छायाचित्रे आणि कन्नड, मराठी, इंग्रजी, हिंदी असे विभाग असतात. मुलाचे नाव पहिल्यांदा छापून येते ते बहुधा इथेच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका दिवंगत वर्गमित्राच्या मुलीने विचारले, "काका, बाबा कॉलेजात गोष्टी लिहायचे असं आई सांगते. त्यातली एखादी मिळेल का?" आम्ही एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. इमारत बदलताना जुने अंक रद्दीत गेले होते, कपाटात तीनच उरले होते आणि त्यांत हवा तो नव्हता. शेवटी खानापूरच्या एका मित्राच्या माळ्यावरच्या ट्रंकेत तो मिळाला. गोष्ट अडीच पानांची होती, उसाच्या फडावरची. मुलीने झेरॉक्स घेतली आणि तिथेच उभ्याने वाचली. तोवर तिने वडिलांचे हस्ताक्षर फक्त पासबुकांवर आणि वाणसामानाच्या याद्यांवर पाहिले होते.

आज मूल्यांकनासाठी नॅकला प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल आणि स्थळाची नोंद असलेली छायाचित्रे द्यावी लागतात. त्यामुळे कार्यक्रम झाल्याचा पुरावा पूर्वीपेक्षा चांगला राहतो. मुले काय बोलली आणि त्यांनी काय लिहिले, हे मात्र त्या छायाचित्रांत येत नाही. त्यासाठी अंकच लागतो.

तासांचे गणित

हे सगळे उपक्रम मराठीत चालायचे, तर कॉलेजात मराठीचा शिक्षक हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवण्याचे काम असावे लागते. समजा एका वर्गाला मराठीचे ४ तास धरले, तर एका पूर्ण वेळ पदासाठी असे ४ वर्ग हवेत. बी.ए.चे दोन आणि बी.कॉम.चे दोन मिळून हिशेब बसतो. बी.कॉम.च्या मुलांनी "मराठीचा काय उपयोग" म्हणून दुसरी भाषा घेतली आणि दोन वर्ग गेले, की ८ तास उरतात. मग निवृत्त प्राध्यापकांच्या जागी पूर्ण वेळ नेमणूक होत नाही, अतिथी प्राध्यापक येतात. ते दोन-तीन कॉलेजांत तास घेऊन धावत असतात. त्यांनी तालमीला थांबावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? पुढे वाङ्मय मंडळ कागदावर उरते आणि अंकातला मराठी विभाग चार पानांवर येतो.

हे कोणी मुद्दाम बंद पाडत नाही. प्रवेशाच्या अर्जावर भाषेच्या रकान्यात आपल्याच घरातून जी खूण होते, तिचा हा परिणाम आहे. इतर भाषांशी आपले वैर नाही. कन्नड आलीच पाहिजे, तिच्याशिवाय इथे व्यवहार होत नाही आणि आमचे कित्येक जिवलग मित्र कन्नड बोलणारे आहेत. दोन भाषा निवडायची सोय जिथे असेल, तिथे त्यांतली एक मराठी असावी, एवढेच आमचे म्हणणे.

सभासदांना करता येण्यासारखे

पहिले, प्रवेशाच्या वेळी अर्ज मुलांबरोबर बसून भरावा आणि भाषेच्या रकान्याबद्दल बोलावे. दुसरे, वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमाला पालक म्हणून जावे. पन्नास खुर्च्यांपैकी दहा मोठ्यांनी भरल्या तरी बोलणाऱ्या मुलाला धीर येतो. तिसरे, लांबच्या मुलाला तालमीसाठी थांबावे लागले, तर एक रात्र आपल्या घरी ठेवून घ्यावे. आम्ही शहापुरातल्या एका मित्राच्या घरी अशा कितीतरी रात्री काढल्या. त्याच्या आईने कधी "किती जण आहात" असे विचारले नाही, पिठाचा डबा तेवढा पुढे ओढला.

चौथे काम आजच करण्यासारखे आहे. माळ्यावर, ट्रंकेत किंवा जुन्या फायलींत कॉलेजचा वार्षिक अंक असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावा. कोणत्याही कॉलेजचा आणि कोणत्याही वर्षाचा चालेल, पाने सुटलेली असली तरी हरकत नाही. आम्ही झेरॉक्स काढून मूळ अंक परत देऊ आणि कोणत्या अंकात कोणाचे लेखन आहे याची यादी करून ठेवू, म्हणजे पुढे कोणी आपल्या वडिलांची किंवा आजीची गोष्ट विचारत आले, तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागणार नाही.