पंचवीस पौंडांची निवडणूक

शनिवारी एक्सेल उघडून लंडनच्या २००८ च्या महापौर निवडणुकीचे दोन रकाने केले: केन लिव्हिंगस्टन, बोरिस जॉन्सन. केननी २००३ मध्ये शहराच्या मध्यात गाडी आणणाऱ्यांवर दिवसाला ५ पौंड आकार लावला होता. आता जास्त कार्बन सोडणाऱ्या गाड्यांना थेट २५! पोर्शे कोर्टात गेली. बोरिस म्हणाले, हे रद्द. ते जिंकले, २५ पौंड गेले. २०१० अखेर पश्चिमेचा वाढीव पट्टाही वगळला. सोप्पं ना? पण २०१५ मध्ये जुन्या, धुरकट गाड्यांवर आकाराची योजना, २०२० साठी, मंजूर केली ती याच बोरिसनी! सादिक खाननी ती २०१९ मध्येच आणली. शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. आता ही ओळ कुठल्या रकान्यात टाकू?