भांडला म्हणून उरला

अमेरिकेतल्या एखाद्या कृष्णवर्णीय माणसाने आपल्या खापरपणजोबांचा शोध घ्यायला सुरुवात केली, की बहुतेक वेळा तो १८७० साली येऊन थांबतो. गुलामगिरी संपल्यानंतरची ती पहिली जनगणना. त्याआधीच्या, म्हणजे १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव असायचं आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. माणसाचं नाव जवळपास कधीच नाही. या अडथळ्याला वंशावळ शोधणारे लोक ‘१८७०ची भिंत’ म्हणतात.

या भिंतीला काही फटी आहेत. त्यातली सगळ्यात जुनी फट म्हणजे काउंटी कोर्टाच्या वह्या.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा किंवा जिल्ह्यासारखा भाग. सतराव्या शतकात व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती आणि तिथल्या प्रत्येक काउंटीचं स्वतःचं कोर्ट होतं. न्यायाधीश कायदा शिकलेले नसत, तर आसपासचे मोठे जमीनदारच त्या खुर्चीत बसत. या कोर्टासमोर फक्त खटले यायचे असंही नाही. खरेदीखतं, मृत्युपत्रं, कर, अनाथ मुलांची सोय, कुणाच्या गुरांच्या कानावर कुठली खूण, हे सगळं तिथला कारकून एकाच टाकाने लिहून ठेवायचा. दंड आणि देणी तंबाखूच्या पौंडात मोजली जायची, कारण नाण्यांची टंचाई होती आणि तंबाखू मात्र मुबलक.

व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थअॅम्प्टन नावाची काउंटी आहे. तिच्या कोर्टाच्या नोंदी १६३२पासून सलग टिकल्या आहेत. अमेरिकेत इतक्या जुन्या सलग काउंटी नोंदी दुसरीकडे कुठेच नाहीत. हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आलेलं नाही. यादवी युद्धाच्या काळात काही काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली, आणि १८६५ साली रिचमंड पेटलं तेव्हा ती तिथेच जळाली. ज्यांचे पूर्वज त्या काउंट्यांमधले, त्यांच्यासाठी ही फटसुद्धा बुजली.

नॉर्थअॅम्प्टनच्या वह्यांमध्ये एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. आधी तो अँटोनियो असतो, नंतर अँथनी जॉन्सन होतो.

तो १६२१ साली ‘जेम्स’ नावाच्या जहाजातून व्हर्जिनियात आला. १६२५च्या शिरगणतीत त्याची नोंद ‘अँटोनियो, निग्रो’ एवढीच आहे, आडनाव नाही. त्याला बेनेट नावाच्या मालकाच्या तंबाखूच्या मळ्यावर कामाला लावलं होतं. २२ मार्च १६२२ रोजी मूळ रहिवाशांनी इंग्रजांच्या वस्त्यांवर हल्ला केला. त्या एका मळ्यावर पन्नासहून जास्त माणसं मेली. जे मोजके वाचले, त्यांत अँटोनियो होता. त्याच वर्षी दुसऱ्या जहाजातून मेरी नावाची आफ्रिकी बाई तिथे आली. पुढे दोघांनी संसार थाटला.

मधली काही वर्षं कागदावर फारसं काही नाही. मग १६५१ साली तो एकदम मोठा होऊन समोर येतो. बाहेरून एक माणूस वसाहतीत आणला, की आणणाऱ्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळायची. जॉन्सनने पाच माणसांच्या नावावर अडीचशे एकर मिळवले. तीस वर्षांपूर्वी जो दुसऱ्याच्या मळ्यावर राबत होता, त्याच्याकडे आता स्वतःची जमीन, गुरं आणि नोकर होते.

१६५३च्या फेब्रुवारीत त्याच्या घरादाराला आग लागली. (मूळ वहीत वर्ष १६५२ दिसेल. इंग्रजांचं नवं वर्ष १७५२पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं. वंशावळ शोधणारे पहिल्यांदा हमखास इथेच चुकतात आणि मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्माला घालून बसतात.) जॉन्सन पती-पत्नी कोर्टात गेली. आपल्याच शेजारी जमीनदारांपुढे उभं राहून त्यांनी सवलत मागितली. कोर्टाने नोंद केली, की ही दोघं तीस वर्षांहून जास्त काळ इथे राहतात आणि कष्टाने जगतात. मेरी आणि तिच्या दोन मुलींचा कर कोर्टाने आयुष्यभरासाठी माफ केला.

गोष्ट इथे संपली असती तर ऐकायला छान होती. पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला मनातून असाच पूर्वज हवा असतो. पण वहीचं पान उलटतंच.

जॉन्सनकडे जॉन केसर नावाचा आफ्रिकी नोकर होता. १६५४ साली केसर एका शेजाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, मी सात-आठ वर्षांच्या कराराने आलो होतो. मुदत संपून सात वर्षं झाली तरी हा मला सोडत नाही. जॉन्सनचं म्हणणं, करार वगैरे काही नाही, हा जन्मभरासाठी माझा आहे. घरच्यांनी जॉन्सनची समजूत घातली. कोर्टात गेलं तर केसर आपल्या गाई घेऊन जाईल, अशी भीती त्यांना होती. जॉन्सनने त्याला सोडलं आणि केसर रॉबर्ट पार्कर या गोऱ्या शेतकऱ्याकडे कामाला गेला.

पण जॉन्सनच्या मनातून ते जाईना. त्याने पार्करवर दावा लावला. ८ मार्च १६५५ रोजी निकाल लागला: केसर जॉन्सनचा आहे, त्याला परत करा, आणि खर्च पार्करने द्यावा. काहीही गुन्हा केलेला नसताना एका माणसाला दिवाणी दाव्यात जन्माचा गुलाम ठरवणाऱ्या व्हर्जिनियातल्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी हा एक.

हे वाचून काही लोक टाळी वाजवतात: बघा, गुलामगिरी काळ्यांनीच सुरू केली! वही तसं म्हणत नाही. तेव्हा व्हर्जिनियात कोण किती काळ नोकर आणि कोण कायमचा गुलाम, याचे नियम अजून घट्ट झाले नव्हते. जॉन्सन त्या ढिल्या जागेत वर चढला आणि चढताना केसरला खाली ढकलून गेला. ज्या कोर्टाने त्याचं ऐकलं, ते पुढच्या पिढीत त्याच्यासारख्यांचं ऐकेनासं झालं.

तेही कागदावर आहे. १६६०च्या दशकाच्या मध्याला जॉन्सन कुटुंब उत्तरेला मेरीलँडच्या सॉमरसेट काउंटीत गेलं. तिथे त्याने तीनशे एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. तो वारला, आणि १६७०च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने ठरवलं, की त्याची मागे राहिलेली जमीन सरकारजमा व्हावी. कारण काय, तर तो निग्रो होता आणि म्हणून परका होता. जवळपास पन्नास वर्षं त्या वसाहतींत काढलेला, कर भरलेला, खटले जिंकलेला माणूस मेल्यावर परका झाला.

१६७७ साली त्याच्या नातवाने सॉमरसेटमध्ये ४४ एकर जमीन घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘अंगोला’. आजोबा कुठले, याचा घरातून आलेला एवढाच इशारा आहे.

अशा नोंदींमधून किती दूर जाता येतं, हे पॉल हाइनेग या संशोधकाने दाखवलं. बायकोच्या घराण्याचा शोध घेता घेता त्याने काउंटी कोर्टांच्या वह्या पिंजून काढल्या आणि शेकडो स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांची मुळं मांडली. त्यातली बरीच घराणी गोऱ्या नोकर बायकांपासून सुरू होतात. १६६२च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला होता, त्यामुळे आई स्वतंत्र तर मूलही गुलाम नाही. १६९१च्या कायद्याने अशा बाईला पंधरा पौंड दंड किंवा पाच वर्षं जादा चाकरी, आणि मुलाला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत वेठीला बांधणं, अशी शिक्षा ठेवली. ती शिक्षा वहीत लिहिली गेली. आज कुणाला आपली तीनशे वर्षांपूर्वीची आजी सापडते ती त्या शिक्षेच्या ओळीत.

म्हणजे कोर्टाच्या वहीत माणूस उरतो तो अडचणीत असताना. सुखाने जेवला, पोरांना खांद्यावर घेतलं, त्या दिवसांची नोंद कोण करतो?

याची दुसरी बाजू आपल्याला जवळची आहे. १६३५ साली जॉर्ज मेनिफी नावाच्या व्हर्जिनियातल्या व्यापाऱ्याने चोवीस माणसं आणल्याबद्दल बाराशे एकर जमीन घेतली. त्या चोवीस नावांत एक आहे ‘टोनी, ईस्ट इंडियन’. हिंदुस्थानाकडून अमेरिकेत पोहोचलेल्या माणसांची ही सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. मालकाच्या पन्नास एकरांचा तो पुरावा आहे, बाकी काही नाही. जॉन्सनसारखं त्याने कोर्टात जाऊन कर माफ करून घेतल्याचं किंवा कुणावर दावा लावल्याचं पान नाही, म्हणून टोनीच्या आयुष्याची गोष्टही नाही.

आता या वह्यांची छायाचित्रं मोबाईलवरही बघता येतात. वाकडंतिकडं अक्षर लावायला वेळ लागतो. पण १६५५च्या त्या पानाशी कुणी पोहोचलं, तर तिथे दोन माणसं उभी आहेत, जिंकलेला जॉन्सन आणि हरलेला केसर. शोधणारा बहुतेक जॉन्सनला शोधत येतो. त्याने केसरचंही नाव उतरवून घ्यावं. तोही भांडला होता आणि म्हणूनच उरला आहे.